घाटाचं लाकूड

सुखदेव गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आठवी 'ब'ला पत्रलेखन शिकवत होतो. सुट्टीत गावी येत असल्याबद्दल मामांना पत्र. फळ्यावर मायना लिहून झाला होता. शेजारच्या नववीच्या वर्गात गलका चालला होता, कारण भूगोलाचे सर अजून आले नव्हते, आणि मी मध्येच जाऊन त्या पोरांना दरडावूनही आलो होतो. शाळेचा शिपाई एरवी दारातूनच ओरडतो, त्या दिवशी तो आत आला, टेबलाला वळसा घालून माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "सर, नाचणगावाहून निरोप आला. सुखदेव सर वारले." मी "बरं" म्हणालो. तो थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. आणि मी... लिहायला लाज वाटते, पण मी मामांचं पत्र पूर्ण केलं. घरातल्या सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, खाली आपला आज्ञाधारक भाचा. घंटा झाल्यावर हात धुतले, खडू खिशात तसाच राहिला, आणि घरी येऊन सायकल काढून नाचणगावला गेलो. मोपेड दारात होती, तरी सायकलच का काढली ते सांगता येणार नाही.

तो खुर्चीत बसलेला होता. शाळेत निघायच्या तयारीत चहा पिऊन बूट घालायला बसला होता. एक बूट पायात, दुसरा खाली हातापाशी पडलेला. त्याच्या बायकोला, शांतावहिनींना वाटलं, जरा टेकले असतील. त्यांनी आतून दोनदा आवाज दिला, "अहो, उशीर होऊन राह्यला." तिसऱ्यांदा बाहेर आल्या. वय सत्तेचाळीस. आज या गोष्टीला सहा आठवडे झाले आणि मला अजून रडू आलेलं नाही. जेवण जातं, झोप लागते, तासावर तास घेतो. शाळेनं त्याचे भूगोलाचे तासही काही दिवस मलाच दिले होते, तेही घेतले. माझी बायको कुसुम म्हणते, तुम्हाला काही वाटत कसं नाही? मी तिला काय सांगणार? पायाला मुंग्या आल्या की पाय आपला वाटत नाही, तसं आहे काहीतरी.

आम्हा दोघांची गाठ पुलगावच्या शाळेतली. मी मराठीचा, तो भूगोलाचा. तो रोज नाचणगावाहून सायकलीनं यायचा. सहा फूट उंची, लांब पाय, सायकलीवर बसला की गुडघे हँडलला लागतील असं वाटायचं. मला तो 'मास्तर' म्हणायचा, जसा काही स्वतः कलेक्टर होता! बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. दिवाळीची सुट्टी लागायला आठवडा होता आणि शिक्षकांच्या खोलीत तो नकाशाची गुंडाळी मांडीवर घेऊन गप्प बसला होता. मी विचारलं, काय झालं?

"मास्तर, सात वर्षं झाले मी पोराईले घाट शिकवून राह्यलो," तो म्हणाला. "चढ, उतार, खिंड, समोच्च रेषा... अन् मी सोता घाट पाह्यलाच नाई."

"मग यष्टीनं जाऊन पाह्य."

"यष्टीत बसून चढ समजत नाई. पायाले समजला पाह्यजे."

आमचा मुलूख तुम्हाला माहीत आहे. काळी माती, कापूस, तूर, आणि जिकडे बघावं तिकडे सपाट. आमच्याकडे पोरांना उतार दाखवायचा तर रेल्वेचा भराव दाखवावा लागतो. त्यानं चिखलदऱ्याचा घाट काढला, आणि मी नको म्हणायच्या आत माझ्या वडिलांच्या जुन्या सायकलीला तेलपाणीही करून टाकलं. दोन काळ्या, जाड, गिअर वगैरे थेरं नसलेल्या सायकली, कॅरिअरवर सतरंजी, पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि पंप. शाळेतले लोक म्हणाले, वर्षभर सायकल हाणता ते कमी पडलं का? सुखदेव म्हणाला, वर्षभर हाणतो ती नोकरीची, ही सुट्टीची.

पहिल्या दिवशीच्या मुक्कामाची गोष्ट टाळून पुढं जावंसं वाटतं, पण मग हे सगळंच लिहिण्यात अर्थ नाही. वर्धा नदी ओलांडून धामणगाव मागं टाकलं आणि ठरल्याप्रमाणे वाटेतल्या माझ्या मामाकडे उतरलो. मामानं आदरानं बसवलं आणि पाहुण्यांचं गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. सुखदेवनं स्वच्छ आवाजात सांगितलं. मामा "असं असं" म्हणाले आणि आत गेले. थोड्या वेळानं मामी चहा घेऊन आल्या. माझा कपबशीत होता. त्याचा काचेच्या गिलासात, तो गिलास मघाशी ओसरीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला मी पाहिला होता. मी पाहिलं हे त्यानंही पाहिलं. मी चहा प्यालो... तोही प्याला. मग तो हौदाशी गेला, गिलास स्वतः विसळला, कोनाड्यात पालथा घातला आणि म्हणाला, "बरं. निघायचं?"

दहा-बारा मैल मागं पडले. मग मी त्याची माफी मागायला लागलो, मामा जुन्या वळणाचे आहेत वगैरे. त्यानं मला पुरतं बोलूही दिलं नाही. "तुह्या मामाचं सोड," तो म्हणाला. "तू कप पेला. मले वाटलं, ठेवशीन." एवढंच. मग स्वतःच म्हणाला, "बरं, जाऊ दे. पायडल मार, अंधार पडते." त्या रात्री एका खेड्यातल्या शाळेच्या व्हरांड्यात आम्ही सतरंजी टाकली. ती दिवाळी धरून अकरा दिवाळ्या आम्ही असेच हिंडलो आणि दर वेळी मुक्काम शाळेच्या व्हरांड्यातच केला. माझ्या कुठल्याही नातेवाइकाच्या दारात सायकल लावली नाही.

परतवाड्याच्या पुढं रस्ता वर उचलला गेला आणि सुखदेव खुळ्यासारखा हसायला लागला. अर्ध्या फर्लांगात त्याचं हसणं बंद झालं. तिथंच त्यानं नियम केला. थांबायचं तर खुशाल थांबा, दगडावर पाय टेकवा, पाणी प्या, देवाचं नाव घ्या, पण सीटवरून उतरायचं नाही. सायकल हातात धरून चालत गेला त्याचा घाट मोजायचा नाही. उभा चढ जमेना की तो रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा जायचा, मग पुन्हा उलटा. "पाह्य मास्तर, समोच्च रेषेवरून चाललो मी, उंची तेवढीच!" असं दम लागलेल्या आवाजात ओरडायचा. मी तिसऱ्या वर्षी एका वळणावर उतरलो होतो, पोटरीत गोळा आला म्हणून. पुढं आठ वर्षं ते वळण आलं की तो सायकलीवरूनच त्या जागेला नमस्कार करायचा.

चढ पायांनी जमला, पण उताराचा विचार आम्ही केलाच नव्हता. चढताना जीव जातो, उतरताना काय, बसून राहायचं, असं आम्हा सपाटावरच्या माणसांना वाटत होतं. पहिल्या वर्षी उतरताना दुसऱ्या वळणाच्या आधीच ब्रेकच्या रबराला जळका वास यायला लागला. चौथ्या वळणाला माझा ब्रेक संपला. सुखदेवनं पुढच्या चाकावर चपलेचा तळवा दाबून पाहिला, तळवा फाटला, आणि आम्ही दोघं एकापाठोपाठ एक घाणेरीच्या झुडपात गेलो. मरायचेच, पण दरी दुसऱ्या बाजूला होती. अंगावरचे काटे काढत बसलो असताना वरून एक बांबूनं भरलेली बैलगाडी हळूहळू आली. गाडीवानानं मागं दोरानं एक जाडजूड ओंडका बांधला होता, तो रस्त्यावर घासत येत होता आणि गाडीला धरून ठेवत होता. आमची दशा बघून गाडीवान हसला आणि म्हणाला, "मास्टरजी, पहाड से उतरना हो तो पीछे कुछ तो बोझ रखो." त्यानंच आम्हाला दोन फांद्या तोडून दिल्या. त्या कॅरिअरला बांधून आम्ही खाली आलो.

दुसऱ्या वर्षी आम्ही शहाण्यासारख्या वरच फांद्या तोडल्या आणि खाली नाक्यावर जंगलखात्याच्या गार्डनं धरलं. हिरवं लाकूड, तेही सागाचं! दोन शिक्षक लाकूडचोर म्हणून बाकावर बसलेले, आणि सुखदेव त्या गार्डला घर्षण म्हणजे काय ते समजावून सांगतोय. गार्ड म्हणाला, "घर्षण साहेबाला सांगा." संध्याकाळपर्यंत बसवून सोडून दिलं. मग तिसऱ्या वर्षी सुखदेवनं घरूनच लाकडं न्यायची ठरवली. त्याच्या वडिलांच्या मोडक्या गाडीचं बाभळीचं लाकूड होतं, त्याचे हात-हातभर लांबीचे दोन ओंडके केले, टोकाला दोर ओवायला भोक पाडलं आणि तापल्या सळईनं एकावर 'सु' आणि एकावर 'वि' असं डागलं. वि म्हणजे विश्वनाथ, मी. पुन्हा गार्डनं धरू नये म्हणून मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा दाखला घेतला. तो मसुदा माझाच. 'दाखला देण्यात येतो की, सोबतची दोन बाभळीची लाकडे ही या शाळेतील शिक्षकांची खाजगी मालमत्ता असून ती वर्धा जिल्ह्यातून नेलेली आहेत व परत आणण्यात येतील.' मुख्याध्यापकांनी तो तीनदा वाचला आणि सही करताना म्हणाले, "जगातले लोक जंगलातून लाकूड आणतात, तुम्ही जंगलात घेऊन चाललात." वाटेतल्या गावात बायका विचारायच्या, गुरुजी, सरपण संगं घेऊन चालले का? चार-पाच किलोचं ते धूड कॅरिअरवर लादून सगळा घाट चढायचा, कशासाठी, तर उतरताना मागं ओढायला! पण एकदा सवय झाली आणि मग त्याशिवाय घाट ही कल्पनाच राहिली नाही.

त्या लाकडाचा एक आवाज असतो. डांबरावर घासताना खरखर, मुरमावर जरा घोगरा, खड्ड्यात गेलं की ठक् आणि पुन्हा खरखर. उतारावर मागं वळून बघायचं नाही, हा सुखदेवचा दुसरा नियम. वळलास की गेलास, तो म्हणायचा. मी पुढं असायचो, तो मागं. माझ्या लाकडाच्या आवाजात त्याच्या लाकडाचा आवाज मिसळलेला असायचा आणि थोड्या सवयीनं दोन्ही वेगळे ऐकू यायचे. त्याचा आवाज येतो आहे तोवर तो आहे, हे मला बघावं लागत नव्हतं. कधी तो आवाज बंद पडला की मी ब्रेक दाबून थांबायचो आणि ओरडायचो, "काय झालं?" मागून उत्तर यायचं, "काई नाई मास्तर, खाली पाह्यतो हाये. लय मोठं हाये हे सगळं."

लाकडं माझ्या घरी असायची. त्याच्या मातीच्या घरात उधई, म्हणजे वाळवी, फार. त्यातही खबरदारी म्हणून आम्ही दोघांनी ती शाळेच्या एका जुन्या डब्यात करंजीच्या तेलात आठ दिवस बुडवून ठेवली होती. करंजीच्या तेलाला उधई तोंड लावत नाही. कुसुम त्या वासानं नाक धरायची. नऊ वर्षांत ती लाकडं एका अंगानं सपाट झाली, 'सु' आणि 'वि' मात्र वरच्या अंगाला तसेच राहिले.

ऐंशी सालानंतर कधीतरी सुखदेव जिन्यावर थांबायला लागला. नववीचा वर्ग वरच्या मजल्यावर होता. तो मधल्या पायरीवर उभा राहून खिडकीतून बाहेर बघायचा, काहीतरी महत्त्वाचं दिसत असल्यासारखा. मी विचारलं तर म्हणायचा, हवामानाचा अभ्यास चालू हाये. तो दवाखान्यात जाऊन आला हे त्यानं मला सांगितलं नाही. एका रविवारी दुपारी शांतावहिनी एकट्याच आमच्याकडे आल्या. कधी येत नसत. पाणीही न घेता त्यांनी सांगितलं, हृदय मोठं झालं आहे, डॉक्टर म्हणाले की चढ आता विसरा. मग म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या घरी त्याइचे ते लाकडं हाये ना? ते देऊ नका. लाकडाबिगर ते घाटात जात नाई. माह्यं ते ऐकत नाई, तुमचं बी ऐकणार नाई. लाकडंच नाई म्हणून सांगजा." मी बरं म्हणालो आणि त्या गेल्यावर दोन्ही ओंडके पोत्यात बांधून माळ्यावर टाकले.

दिवाळीच्या आधी तो आलाच. खुर्चीत बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "लाकडं काढ मास्तर. दोर बदलू." मी तयारी करून ठेवली होती. म्हणालो, "अरे, त्याला उधई लागली. पार पोखरून टाकली. हिनं चुलीत घातली." आत कुसुमच्या हातून झाकण पडलं. सुखदेवनं चहाच्या कपात बघितलं.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"बरं," तो म्हणाला आणि उरलेला चहा सावकाश प्याला. मग पोरांच्या चाचणीविषयी बोलला आणि गेला. करंजीच्या तेलात आपणच हातानं बुडवलेल्या लाकडाला मी उधई लावली होती, हे माझ्या डोक्यात त्या दिवशी आलंच नाही. माझ्यासारखा खोटं बोलणारा माणूस शोधून सापडायचा नाही. त्यानं परत कधी घाटाचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. आणि आता कबूलच करतो, मला सुटल्यासारखं झालं होतं. गुडघे कुरकुरत होते, पोट सुटलं होतं, कुसुमची दिवाळी दर वर्षी एकटीनं जायची. वहिनींचं काम झालं आणि माझंही झालं. पुढच्या उन्हाळ्यात मी मोपेड घेतली. माझ्या त्या खोट्याला अडीच वर्षं झाली. शाळेत आम्ही रोज भेटत होतो, एका डब्यात जेवत होतो, आणि ज्या गोष्टीनं आम्ही एकमेकांचे झालो होतो तिच्याविषयी एक शब्द बोलत नव्हतो.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. आर्वीची त्याची बहीण माझ्याशेजारी बसली होती. ती म्हणाली, "दादाले यायला सवडच नाई भेटली. दोन वर्षांत एक डाव आला माह्याकडं." मला ते खटकलं. कारण महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी सुखदेव आर्वीच्या छोट्या रेल्वेगाडीत सायकल टाकून बहिणीकडे जायचा, हे मला पक्कं माहीत होतं. सोमवारी मी विचारायचो, बहीण बरी? तो म्हणायचा, मजेत हाये. पण अशा दिवशी काय बोलणार? निघताना शांतावहिनी दारापर्यंत आल्या आणि सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "भाऊजीनं माह्यावर लय उपकार केले." मी चपला शोधत राहिलो.

मागच्या रविवारी वहिनींनी बोलावलं. त्याचे नकाशे शाळेला द्यायचे होते. भिंतीशी कपाट आणि कपाटामागं नकाशांच्या गुंडाळ्या उभ्या केलेल्या. मी एक-एक काढत गेलो. शेवटच्या गुंडाळीमागं हात घातला तर वास आला. करंजीच्या तेलाचा. दोन ओंडके होते, बाभळीचे, नवे. भोकं पाडलेली, दोर ओवलेले, एकावर 'सु' आणि एकावर 'वि'. मी खाली बसलो आणि 'सु' पालथा केला. खालचं अंग सपाट झालं होतं, चांगलं बोटभर झिजलं होतं आणि झिजलेल्या रेषांत बारीक मुरूम अडकलेला होता. मग 'वि' पालथा केला. त्याच्यावर रंध्याचा हातसुद्धा दिसत होता. तो एकदाही जमिनीला लागला नव्हता.

आर्वीच्या पुढं तळेगाव आहे आणि तळेगावला घाट आहे. आपल्याच जिल्ह्यातला, चिखलदऱ्याच्या मानानं लहानसा. एवढं मला कळायला एक मिनिटही लागलं नाही. अडीच वर्षं मात्र गेली होती. मी 'सु' पुन्हा होता तसा, झिजलेली बाजू भिंतीकडे करून ठेवला. मागं वहिनी उभ्या होत्या.

"काय पाह्यलं भाऊजी?"

"काही नाही. नकाशे आहेत."

"मले मालूम हाये," त्या म्हणाल्या. "त्याइच्या पँटीच्या पायाले तांबडा मुरूम लागून यायचा. आर्वीच्या शिवारात तांबडा मुरूम कुठं हाये? मीच धुत होती ना."

मी विचारलं, मग अडवलं का नाहीत? त्यांनी उंबऱ्यावर बसकण मारली. पहिल्यांदा मी भांडली, म्हणाल्या. दोन दिवस जेवली नाही. मग त्यांनी पाहिलं की एका रविवारी तो जाऊन आला की पुढचे आठ दिवस घरात हसत असतो, जेवण मागून घेतो. नाही गेला की खुर्चीत बसून असतो. "मी म्हटलं, किती दिवस जगले ते मोजू का कसे जगले ते पाहू? चढ पायानं चढतो म्हणाले, सायकल ढकलत. तशी आन घातली होती मी त्याइले. निस्तं उतरतानी बसत. म्हणाले, हे मास्तरले सांगू नको, चालत चढलो म्हणून हासन मले."

"पण मला का नाही नेलं त्यानं? मला का नाही सांगितलं?"

वहिनींनी त्याच्या खुर्चीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ते म्हणत, मास्तरनं आपल्यासाठी खोटं बोलून ठेवलं हाये, त्याचं ते मोडायचं नाई. करंजीच्या लाकडाले उधई लावली बिचाऱ्यानं, केवढी मेहनत घेतली." त्या हसल्या. मलाही हसू आलं आणि आम्ही दोघं त्या खोलीत, त्याच्या खुर्चीसमोर, बराच वेळ हसत राहिलो. मग मी विचारलं की एकट्यानंच जायचं होतं तर लाकडं दोन कशाला केली?

"म्या बी तेच विचारलं," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, मास्तरनं एखांद्या दिवशी विचारलंच तर? तयार असू दे. दर दिवाळीले तेल लावत तुमच्या लाकडाले."

मी विचारलं नाही. अडीच वर्षांत, पाचशे वेळा तरी एका डब्यात जेवताना, मी विचारलं नाही. एका शब्दाचं काम होतं. "सुखदेव, चलतोस?" त्याला घाट चढू द्यायचा नव्हता तर पायी गेलो असतो दोघं, सायकली ढकलत, वाटेत बसत. मामाच्या ओसरीवर कप खाली ठेवला नाही तेव्हा ते एकदा बोलून दाखवलं होतं त्यानं. या वेळी बोललाही नाही. माझ्या खोट्यानं त्याचा घाट सुटला नाही. माझा सुटला, आणि तो तिथं एकटा उतरला. हे सगळं लिहून झाल्यावर मी शांतावहिनींना वाचून दाखवलं, कारण त्यांच्या घरचं त्यांना न विचारता छापायला देणं बरं नव्हे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "द्या. त्याइले वाचायला आवडलं असतं. फक्त चालत चढल्याचं काढा." मग स्वतःच म्हणाल्या, "नाई, राहू द्या."

दोन्ही नवे ओंडके त्यांनी मला दिले. माळ्यावरचं पोतंही मी खाली काढलं. आता माझ्या खोलीत भिंतीशी चार लाकडं उभी आहेत. दोन जुनी, अगदी बरोबरीनं झिजलेली. एक नवं, झिजलेलं. आणि एक माझं.

काल सकाळी कुसुम बाजारात गेली होती. मी सायकल बाहेर काढली आणि ते माझं लाकूड कॅरिअरला बांधलं. गाठ त्यानं शिकवलेलीच, हात विसरला नव्हता. आमच्या गल्लीत उतार नाही, पुलगावात तो कुठं असणार? पायडल मारत ओढतच नेलं. खरखर सुरू झाली. समोरचे कोणीतरी दार उघडून बघायला लागले, गुरुजींना काय झालं म्हणून. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. रस्त्यावरच्या खड्ड्यात ठक् झालं आणि पुन्हा खरखर. मी कान देऊन ऐकत होतो. एकच आवाज होता... दुसरा येईल म्हणून मी सायकल हळू केली, आणखी हळू केली, थांबवली. मग मी मागं वळून बघितलं.